धडा

तिसऱ्या दशांशाला पाचाचा फरक.
तीच जाळी, चोवीस घरं लांब, चोवीस रुंद,
तेच क्वार्क, तोच संवेग.
फक्त गेज बांधायला सुरुवात केली
ती दुसऱ्या कोपऱ्यातून.

रात्री दीड. सागरमाळावरचा वारा
विद्यापीठाच्या खिडकीची काच हलवतोय.
तौफिक शिकलगार म्हणतो,
धुक्यात पन्हाळा चढल्यासारखं आहे हे.
पाऊल वर, पाऊल वर,
मग सपाटी लागते, आपण डबा उघडतो,
धुकं विरतं, तर बुरूज पलीकडंच
आणि आपण कुठल्यातरी टेकाडावर.
प्रोग्रामलाही तेवढंच कळतं.
वर. अजून वर. बस.

जाळीवरचा कच्चा आकडा जगात चालत नाही.
त्याला एका गुणकाने गुणावं लागतं,
गुणक काढायचा तर गेज बांधावं लागतं,
आणि गेज म्हणजे आपली सोय,
निसर्गाने ती कुणाकडे मागितलेली नाही.
मग सोयीचा ओरखडा गुणकावर का?
आवटी सर म्हणतात, सरासरी घ्या, पुढं चला.

सकाळी शाहूपुरीत बाबांना डबा द्यायला गेले.
इलेक्ट्रॉनिक काटा बंद, जुना तराजू टांगलेला,
गुळाचे रवे ओळीनं, हवेत काकवीचा वास.
मापाडी आण्णाप्पा मगदूम, बिल्ला नंबर एकसष्ट,
रिकाम्या पारड्यात खडा टाकतात,
काढतात, त्याहून बारका शोधतात.
"कुठं घोडं अडलंय?"
सांगितलं, जमेल तसं.
"म्हंजे धडा बदलला की तुमचा कडता बदलतोय."
हो.
"आणि पट्टी?"
पट्टी बदलू नये, बाबा.
तसं सिद्ध झालंय. कागदावर.
जाळीचं घर लहान होत होत
शून्याला टेकतं, तिथं.
"कागदावर आमचा काटा बी लई सरळ असतोय."

मग, डब्याचं झाकण उघडता उघडता:
"एकदा ऐन सीझनला पारड्यातला खडा पडला.
मला कळलंच न्हाई. चाळीस रवे तोलले.
रात्री परत जाऊन वहीत लिहून आलो,
धडा सुटला, रव्यामागं अर्धा पाव."
कुणी विचारलं होतं?
"कोण इचारतंय?"
त्यांनी भाकरी मोडली.
शेजारी काटा अजून डुलत होता;
तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढं एक कंस असतो,
नशिबाच्या चुकीचा.
मी त्याच्या शेजारी दुसरा काढला, टेकाडांचा,
आणि आत लिहिलं, पाच.

सरांनी पेन्सिलीनं विचारलंय: गरज आहे?
काच अजून हलतेय.
त्याच कागदाची घडी करून
चौकटीत खुपसली. थांबली.
आता
तिसऱ्या कोपऱ्यातून.