दोन्ही कान

बस स्टँडसमोरच्या माझ्या स्टुडिओत
तीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आलो:
मान सरळ, हनुवटी थोडी खाली,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
लोक ऐकतात.
पोलीस भरतीची पोरं तर श्वाससुद्धा धरून बसतात.

रविवारी शटर न उघडताच
मी बोरीच्या काठानं निघतो,
पारोळ्याचे दिवे मागं ठेवत,
पिशवीत कळण्याची भाकर,
गळ्यात तो जुना कॅमेरा
ज्याची लग्नं ड्रोनवाल्यांनी नेली.

इथं माझं कुणी ऐकत नाही.
खंड्या बुडी मारून मासोळी घेऊन परत जातो
तोवर मी फोकसच फिरवत असतो.
मुंगूस गाडवाट ओलांडतं,
शेपूट तेवढं माझ्या वाट्याला.
टिटवी तर आधीच शिवारभर सांगून मोकळी,
आला, आला, फोटोवाला आला.
माझ्या कार्डात चाळीसेक फांद्या आहेत,
हिवराच्या, बाभळीच्या, एक निंबाची,
प्रत्येकीवर आत्ताच कुणीतरी बसलं होतं.
बायको म्हणते, पुसून टाका, जागा अडते.
मी म्हणतो, बघ, ही अजून हलतेय.

रोही मात्र उभा राहिला.
माघ महिना, दादर कणसावर आलेली,
तिच्या कडेला ती काळसर निळी पाठ,
आणि माझ्याकडे असा बघत होता
जसा मीच रांग मोडून पुढं घुसलोय.
एक घेतला.
दुसरा घेताना बांधावरून आवाज,
"काय करी राह्यना रे भाऊ?"

द्रौपदानानी. एका हातात गोफण,
डोक्याकानाला करकचून बांधलेला रुमाल.
रोहीचा फोटो काढतोय, नानी.
"त्यान्हा फोटू? त्यान्हं काय लगीन शे?"
मग गोफणीत दगड न घालताच ती फिरवली,
रोही गेला, सावकाश, मान न वळवता.
"तुन्हा फोटूमा मन्ही दादर दिखस का?"

नव्हती दिसत.
म्हणून काढले, अर्जाला लागतात तसे,
खुरांचे ठसे, मोडलेली ताटं,
अर्धवट खाऊन टाकलेली कणसं,
आणि नुकसानीजवळ उभी मालकीण.
सवयीनं बोलून गेलो, मान सरळ, नानी,
दोन्ही कान दिसू द्या.
"कान काब्रं? थंडी शे."
रुमाल तिनं सोडला नाही.
पैसे विचारले, मी नको म्हटलं,
तर पिशवीत पसाभर बोरं ओतली,
घरी जाईपर्यंत कॅमेऱ्याला त्यांचा वास.

आखाजीला चार दिवस होते
तेव्हा हिलाल आला, तिचा मुलगा,
हातात त्या अर्जाची झेरॉक्स.
आईचा दुसरा फोटो नाही, म्हणाला.
आधारवरचा आहे,
पण त्यात ती घाबरलेली दिसते.

मूळ फाईल उघडली.
ठसे कापले, मोडलेली ताटं कापली,
गोफण राहू द्या म्हणाला, तर ती राहिली.
कापत कापत खांद्यापाशी आलो
आणि थांबलो.
मागं, बांधावरच्या वाळल्या गवतात,
दोन लांब कान.
ससा. मान सरळ, हनुवटी थोडी खाली,
जणू त्या सकाळी माझं म्हणणं
त्या एकट्यानंच मनावर घेतलेलं.
मी इतका वेळ तिथं होतो.
तो पण होता.

हिलाल मोबाईलवर पाव्हण्यांशी बोलत होता,
मधेच म्हणाला, मागचं सगळं निळं करा,
सगळ्यांचं असतं तसं.
केलं.
दादर निळी, बांध निळा,
जे आभाळ होतंच निळं
ते पुसून पुन्हा निळं केलं.
तिच्या खांद्यामागची बोटभर जागा
तेवढी सोडली.

बारा बाय पंधरा, काच, सोनेरी पट्टी.
रद्दीत गुंडाळून त्याच्या हातात दिला
आणि पायरी उतरेपर्यंत गप्प राहिलो.
मग हाक मारून सांगितलं,
हार जरा बारीकच घ्या.