हातचा

केमीत जानेवारीत दुपारी दोनलाच दिवे लागतात.
लगदा-गिरणीच्या जुन्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या लॅपटॉपच्या पोटात
एकोणीसशे चौऱ्याऐंशीचं एक यंत्र जागं होतं.
यंत्र म्हणजे नक्कलच. मूळ लोखंड
औलिसनं भंगारात जाताना पाहिलंय,
उरल्या त्या अकरा फ्लॉपी,
आणि त्यांतून उठून बसलेली ही
हिरव्या अक्षरांची, हळू बोलणारी प्रणाली.

मी तिच्या प्रोसेसरला दोनशे छप्पन्न घरांचा तक्ता जोडलाय.
एक आज्ञा, एक घर.
आज्ञा पाळली गेली की त्या घरात एक खडा.
मोजायला लागले तशी ती दहापट मंदावली,
जसं कुणी टक लावून पाहिलं की
आपल्यालाही जिना उतरता येत नाही.

पहिल्या रात्रीनंतरचे आकडे:
उचल आणि ठेव, सर्वांत जास्त.
इथून उचल, तिथे ठेव, पुन्हा तेच.
मग उड्या. मग तुलना: हे शून्य आहे का?
हे तरी?
कळ दाबली का कुणी, असं विचारत
एकट्या त्या फेऱ्यात नव्वद लाख खडे.

तळाशी त्रेचाळीस घरं कोरी.
औलिस म्हणाला, ही टाकून दे,
नवी नक्कल हलकी होईल.
पाच रात्री कोरीच राहिली.
सहाव्या सकाळी मी ती टाकली.

गुरुवारी इर्मेली काउकोरांता आली,
काठी, लोकरी टोपी, वेलदोड्याचे दोन पाव.
एकवीस वर्षं पगारपत्रकं हिच्या टेबलावरून गेली.
पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसला,
म्हणाली, तारीख काय घातलीयस?
एक मार्च.
एक तारखेला इथे काय व्हायचं?
गोदामाची यादी, बस.
पगार पंधराला.

मी पंधरा मार्च घातली.
तिनं पगाराचं काम सुरू करायला सांगितलं,
तीन अक्षरं, तिच्या बोटांना अजून पाठ.
पहिला माणूस, पहिली रक्कम,
आणि यंत्र थांबलं.
अनोळखी आज्ञा. घर सत्तावीस, सोळाच्या पाढ्यातलं.

काय असते ती, तिनं विचारलं.
मी कागदावर दाखवलं:
यंत्र सोळात मोजतं, माणसं दहात.
बेरजेत एखादा आकडा नऊच्या वर गेला
की त्यात सहा मिळवायचे
आणि शेजारच्या घरात हातचा एक.
म्हणजे बोटांवर मोजणाऱ्यांना
यंत्रानं दिलेली तेवढी सवलत.

ती हसली नाही. म्हणाली,
पेनीची चूक झाली तरी
रात्रपाळीचे लोक खिडकीशी यायचे.
एकदा अकरा पेनींसाठी
तापिओ राउताला तासभर भांडला होता.
बरोबर तोच होता.

मी ती आज्ञा परत लिहिली.
बाकीची बेचाळीसही परत ठेवली,
औलिसला न विचारता.
त्या सगळ्या कशाच्या आहेत मला ठाऊक नाही.

पुन्हा सुरू केलं.
तक्त्यात त्या कोऱ्या घरात एक,
मग सतरा, मग दोनशे,
कागदावर ओळी सरकाव्यात तशा
पडद्यावर नावं सरकत होती
आणि इर्मेली पुटपुटत होती:
याची उचल कापायची.
हा वसंतात बर्फावरून गेला, परत आला नाही.
हिनं दुसरं लग्न केलं, नाव बदलायचं राहिलं.

चार हजार एकशे अठरा.
घर सत्तावीस.

बाहेर समुद्र गोठलेला,
बर्फफोड्या जहाजाचा आवाज काचेपर्यंत येत होता.
पाव संपले. तिनं कप विसळून पालथे घातले,
कोट चढवला, दारापर्यंत गेली
आणि वळून म्हणाली,
बावीस जून घालून बघ एकदा.
युहानुसच्या आधीचा शुक्रवार.
त्या आठवड्यात दुप्पट मिळायचं सगळ्यांना.

मी बावीस टाइप केलं.
ती टोपी काढून परत बसली.