अकरा नंबर

रात्री साडेनऊला गंगावेशीत
म्हशी येऊन उभ्या राहतात दूध कट्ट्यावर.
पहिल्या पेल्याचा फेस मिशीला लागेपर्यंत
कुणीतरी म्हणतोच,
"आज भिंगरी असता तर..."

आज सामना शून्य-शून्य सुटला.
पोरं चांगली आहेत, दमसास आहे,
पायांत महागाचे बूट आहेत.
पण अख्ख्या सामन्यात एकानंही
पायरीवरच्या माणसाला उठून उभं केलं नाही.

दिनकर अतिग्रे.
उद्यमनगरात लेथवर कामाला.
सामन्याच्या दिवशी अर्धी रजा टाकून यायचा,
हाताला तेलाचा वास तसाच,
आणि डाव्या कडेला उभा राहायचा
एसटी चुकलेल्या माणसासारखा.
चेंडू यायचा.
मग तिथं माणूसच नसायचा.

सदू मांगोरे सांगतो, तिघांना चकवलं.
बाबासो म्हणतो, पाच, वर गोलकीपर वेगळा.
इस्माईल बागवान म्हणतो,
"मोजायला सवड कुणाला हुती?
उडी मारली तवा माझी एक चप्पल
पायऱ्यांच्या फटीतनं खाली गेली.
अजून तिथंच आसंल बघ."
साल कुठलं, यावर तर
तीस वर्षं एकमत नाही.

मी यांच्यात पडत नाही.
मी शिंपी. तालमीच्या जर्सी माझ्याकडं यायच्या.
अकरा हा सगळ्यात सोपा नंबर,
पांढऱ्या मांजरपाटाच्या दोन सरळ पट्ट्या.
पण दर सोमवारी नेमकी तीच जर्सी
पिशवीतून सगळ्यात वर निघायची.
खांद्याशी फाटली असेल, तर तो आत वळला होता.
कमरेशी उसवली असेल, तर कडेनं निसटला होता.
सामना न बघता मी सामना वाचायचो,
सुईत दोरा ओवता ओवता.

एकदा एक पट्टी मुळासकट उपटून आली.
समोरच्या पेठेतल्या बॅकच्या मुठीत राहिली ती.
उरलेला अर्धा वेळ हा एक नंबर घालून पळत होता
आणि पंच बिचारा विचारत होता,
गोलकीपर इतका पुढं का आलाय म्हणून.
तो बॅक आता आजोबा झालाय.
ती पट्टी त्यानं परत दिली नाही.
लग्नाच्या फोटोमागं ठेवलीय म्हणे,
आणि बायकोला अजून कळलेलं नाही
ती कशाची.

मग गुडघा गेला.
कुठल्या सामन्यात, याचीही दोन उत्तरं आहेत कट्ट्यावर.
मला ठाऊक आहे.
त्या सोमवारी अकरा नंबर
जशीच्या तशी आली होती.
कुणी ओढली नव्हती, कुणाला ओढावी लागली नव्हती.
मी उगाच एक टाका घातला तिला,
चांगल्या कापडावर,
आणि पैसे घेतले नाहीत.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळंच.
मागच्या गुरुवारी,
पापाच्या तिकटीकडं जाणाऱ्या रस्त्यावर
तो पलीकडं उभा होता. हातात औषधाची पिशवी,
डावा पाय जरा ओढत, तसाच,
एसटी चुकल्यासारखा.
रस्त्यात उतरला, आणि भरधाव रिक्षा आली.
आम्ही चौघं बाकावर होतो.
ओरडायलाही वेळ नव्हता.

त्यानं उजवा खांदा
दोन बोटं खाली सोडला. बस्, एवढंच.
रिक्षा त्या खांद्यावर विश्वास ठेवून तिकडं वळली
आणि हा डावीकडून निघून गेला,
पिशवीतली बाटलीही वाजली नाही.
रिक्षावाला कोवळा पोरगा. त्यानं शिवी हासडली.
त्याला काय माहीत,
त्याला कुणी चकवलं ते!

आम्ही चौघंही उभे होतो.
कधी उठलो, कळलं नाही.
त्यानं वळून बघितलं, "काय रं? काय झालं?"
"काय न्हाई," सदू म्हणाला.
तो गेला पाय ओढत
मेडिकलच्या दिव्यापर्यंत, मग पुढं.

इस्माईल बाकाखाली पायानं चप्पल शोधत होता.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग बाबासोनं घसा खाकरला,
"दोन रिक्षा हुत्या."
"एकच," सदू म्हणाला.
"दोन. मागची तू बघितलीच न्हाईस."