उतरता भाव

वाचा-उपचाराच्या बाईंनी चित्र दाखवलं: किल्ली.
एलादियो म्हणाला, "बांगडा."
चमचा.
"बांगडा."
मग माझ्याकडे बोट करून, या कोण?
तो हसला, ओठ जुळवून पाहिले,
आणि मला, दोसिंदाला, चाळीस वर्षं जाळी सांधणाऱ्या बाईला
"बांगडा" म्हणाला.
पण किती हळू आवाजात.

बुरेलाच्या धक्क्यावर म्हणतात, गेलं त्याचं डोकं.
डोकं कुठे गेलंय?
परवा पाववाल्यानं वीस सेंट कमी दिले
तर हा काउंटरपासून हलेना.
डाव्या मुठीनं नुसतं टकटक, टकटक,
आणि शेवटी एक शिवी, अख्खी, स्वच्छ.
शिव्या वेगळ्या कप्प्यात असतात म्हणे.

बाईंनी मेंदूचा फोटो उजेडात धरला.
डावीकडे अक्रोडाएवढा डाग.
शब्द मेले नाहीत, म्हणाल्या, वाट बुजलीय.
मी माझ्या परीनं विचारलं,
म्हणजे मासे आहेत, जाळं फाटलंय?
"साधारण."
त्या साधारणवर मी तीन महिने काढले.

वय विचारलं की तो एकपासून मोजत निघतो
आणि एकसष्टवर धापा टाकत थांबतो.
कुठे उतरायचं ते ठाऊक असतं त्याला.
सुटा आकडा तेवढा हाती लागत नाही.

काल रात्री कोबीचं सूप निवत होतं.
त्यानं एकदम मान वर केली:
शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव,
तोच आवाज, पहाटे पाचचा, लिलावघरातला,
कुठे अडखळणं नाही.

आमच्या गॅलिसियात मासळीचा भाव वरून खाली येतो,
कुणी "माझा" म्हणेपर्यंत.
सव्वीस वर्षं त्यानं तो असा उतरवला.
पण स्वयंपाकघरात गिऱ्हाईक कोण?
बावन्न, एक्कावन्न, पन्नास.
कपाळावर घाम. डोळे माझ्याकडे.
त्याला थांबता येत नव्हतं,
हे मला कळायला सत्तेचाळीस उजाडलं.

"माझा!" मी ओरडले.

थांबला.
सौदा झाल्यावर पाहतात तसं पाहिलं माझ्याकडे.
मग डाव्या हातानं खिसे चाचपू लागला,
विकल्या खोक्यावर टाकायची ती चिठ्ठी,
गिऱ्हाइकाच्या नावाची.
औषधाच्या दुकानाची पावती निघाली.
ती त्यानं माझ्या तळहातावर ठेवली,
कोरी बाजू वर.