शेरा

आमच्या कक्षात वह्या दोन.
लाल कापडी पुठ्ठ्याची, ती झालेल्यांची.
दुसरीला नावच नाही. निवृत्त होताना
खोपकर बाई म्हणाल्या, ही उरलेल्यांची,
आणि किल्ली माझ्या हातात ठेवून कँटीनला गेल्या.

पहिलीत लिहिणं सोपं.
विधेयक क्रमांक, दोन्ही सभागृहांच्या तारखा,
संमतीची तारीख, असाधारण राजपत्र, पान.
अधिनियम झाला की नवा आकडा मिळतो,
सासरच्या नावासारखा.
माहेरचा आकडा मग मलाच तेवढा ठाऊक.

दुसरीत शेवटचा रकाना रुंद आखते.
पुनर्विचारार्थ परत.
राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले.
सभागृहाच्या विसर्जनाने व्यपगत.
संमती रोखली.
कर्ता नसलेली वाक्यं. बारनिशीत हीच शिकवतात.

गच्चीवरून मलबार हिलची झाडी दिसते.
नस्ती तिकडे जाते समुद्राला वळसा घालून,
परत येते एका कागदाने जाड होऊन.
खाऱ्या हवेने टाचणी गंजते
आणि पहिल्याच पानावर
तांबडा टिळा उमटतो.

परवा दारूखान्यातून हुसेनमियाँ बुरोंडकर आले.
बोटांची टोकं डांबराने कायमची काळी.
म्हणाले, गलबत दुरुस्तीवाल्यांचा कायदा हवाय, बाई,
नातवाला दाखवायचाय.
पहिली वही दोनदा चाळली. मग ही काढली.
पान एकसष्ट. दोन्ही सभागृहांत एकमताने.
शेरा: संमती रोखली.

ते बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले.
म्हणाले, त्या दिवशी विधानभवनाच्या दारात
पेढे वाटले होते आम्ही.
बावीस वर्षं झाली.
मी तर मालकाला कलम सात दाखवून
हातमोजे घेतले होते, चौदा जोड.
त्यानंही वाचलं नव्हतं.
दिले निमूट.

न झालेल्या कायद्याची नक्कल मागायला
छापील अर्जात रकाना नाही.
'इतर' वर खूण केली, दहा रुपयांची पावती फाडली,
सोनटक्के साहेबांची सही आणली.
प्रत्येक पानावर शिक्का उठवला: सत्यप्रत.
कलम सातच्या पानावर तो जरा फिसकटला.
त्यांनी फुंकर घालून वाळवला,
कागद शर्टाच्या आतून छातीशी धरले
आणि विचारलं, घडी घातली तर चालेल ना?

साहेबांचा नियम आहे:
शेऱ्याखाली शेरा लिहू नये.
मी फक्त एवढंच विचारलं,
हातमोजे कसले होते?
जाड, निळे, म्हणाले. एक जोड अजून आहे घरी,
भोकं पडलीत, पण आहे.

ते गेले. वही उघडीच होती.
पान एकसष्ट,
रकान्यात जागा होती.
बरीच होती.