आठ नंबर

फॉर्मवर बुटाचा नंबर विचारला होता.
आयुष्यभर चप्पल पायात घालून बघितली आणि घेतली,
नंबर कोण बघतो?
शेजारच्यानं आठ लिहिला, मीही आठ.

रुवैसला तिसऱ्या दिवशी बूट चावला.
कुत्रा चावतो तसा नाही,
उंदीर कुरतडतो तसा,
शिडीच्या पायरीपायरीला थोडा थोडा.
रात्री मोजा सोलून काढला तर
टाचेवर जांभळाएवढा फोड, आत पाणी डुचमळतंय.
आणि घामट पँटीनं मांड्या अशा काचलेल्या
की बाथरूमपर्यंत फेंगडा चालत गेलो.
दिलबहादुर हसला: बाळानं पाऊल टाकलं!

नख लावणार, एवढ्यात
वरच्या बंकवरून इद्रिस खलफे खेकसले,
"छप्पर काढू नको त्याचं!
खाली नवं कातडं धरतंय."

ते उतरले. गुडघे कटकन वाजले.
साबण, पाणी, मग जुन्या बनियनचा मऊ तुकडा.
"पुसायचं नाही. टिपायचं."
एसीच्या खोक्यातला स्पंज कापला,
मधोमध भोक पाडलं,
भोकात फोड बसवला, वरून पट्टी.
"आता भार कडेला जाईल."
मांड्यांसाठी व्हॅसलीनची अर्धी डबी दिली:
ड्यूटीच्या आधी लावायची, नंतर रडत नाही.
दुपारच्या सुट्टीत चड्डी बदलायची,
भले कुणी हसो.
आत पातळ मोजा, वर जाड.
"आणि स्टोअरमध्ये नऊ माग. दुपारी जा,
तेव्हा पाय खरं बोलतो."

लाली पसरली, पू दिसला तर?
"तर सरळ दवाखाना. पगार कापू देत.
जमीलनं लपवला होता,"
एवढंच म्हणाले, आणि झाकण फिरवत बसले,
लागलेलं झाकण.

बायकोचा व्हिडिओ कॉल आला.
फोन छातीच्या वर धरला.
जेवलास? जेवलो.
बूट मिळाले? मिळाले.
भारी आहेत? लई भारी.

दिवा मालवल्यावर इद्रिसभाईंनी
हर्णैच्या घराचा फोटो दाखवला,
नवा स्लॅब, वर पाण्याची निळी टाकी.
सत्तावीस वर्षांत त्याच्याखाली
एकूण चौदा महिने झोपलोय, म्हणाले,
हिशोब आहे माझ्याकडे.

फोड सहाव्या दिवशी आपोआप बसला.
नऊ नंबर जरासा सैल होतो.
दुसऱ्या मोज्यानं भागतं.