बॅटरी वाचवावी म्हणून

लष्करातून निघालो तेव्हा साडेसात.
धैर्यशीलदादाने स्टिअरिंगवर दोनदा थाप मारली,
बिर्लानगरच्या मिलमध्ये पाळी सुरू करताना मारायचा तशी.
पनिहारपर्यंत मीच बोलत होते, म्हणजे ओरडत होते:
डावीकडे ट्रक! पुढे म्हशी! टोलला सुट्टे आहेत का?
बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस,
त्याच्याशी नुसतं बोलता येत नाही,
प्रत्येक वाक्य पाटीवर काढल्यासारखं
मोठ्या अक्षरात काढावं लागतं.
काही वाक्यं तशी निघत नाहीत.
त्यातलंच एक घेऊन मी बसले होते, मांडीवर,
दशम्यांच्या डब्याखाली.

घाटीगाव. मोहना.
मोहरी संपत आलेली, हरभरा घाट्यांवर,
पळसाला काळ्या कळ्या फक्त.
घरांवर कौलं नाहीत इकडे,
अख्ख्या लाल फरश्या टाकलेल्या.
"डोक्यावर डोंगर घेऊन झोपतात," दादा म्हणाला,
आणि आपणच हसला,
माझ्या हसण्याची वाट न बघता.

शिवपुरी मागे पडली, झाशीचा रस्ता लागला,
मग सुरवायाच्या गढीची भिंत.
चौकीदार रामसनेही शेळ्या हाकलून आला,
रजिस्टर पुढे केलं. शेवटचं नाव गेल्या रविवारचं,
'प्रयोजन'च्या रकान्यात 'ऐसे ही'.
दादानेही तेच लिहिलं.
माझं पेन तिथे थोडं अडलं.

मठ म्हणजे खोल्या.
साधूंच्या पंथाचं नाव मत्तमयूर,
मला वाटलं होतं, नाचाचं काही उरलं असेल.
होत्या त्या जाड भिंती,
आणि खिडकी इतकी अरुंद
की ऊन आत येतं ते पट्टीने आखून.
"इहाँ बाबा लोग पढ़ते थे," रामसनेही म्हणाला,
"इहाँ सोते थे. बोलते कब थे, पता नहीं."

दादा दगडावर टेकला.
कानातलं मशीन काढलं, बॅटरी वाचवावी म्हणून,
रुमालात बांधलं, खिशात ठेवलं.
मी शेजारी, तोंड अर्धं भिंतीकडे.
लहानपणी जिन्याखाली बोलायचो त्या आवाजात म्हणाले:
मी पुण्याला जाते आहे. दिवाळीनंतर.
मृण्मयीकडे. कायमची.
पोळ्यांचं बघितलंय, रामकली दोन्ही वेळा येईल.
बाकीचं बघणारं कोणी नाही, ते मला कळतं.

एक पाकोळी या भिंतीतून निघून
त्या भिंतीत गेली.
दादा बोटाने दगडांचा सांधा चाचपत होता,
सुतातली गाठ शोधावी तसा.
"चुना नाही," तो म्हणाला, फार मोठ्याने.
"नुसता भार."

परतताना मोहन्याला चहा.
मशीन अजून रुमालातच.
बशीतला चहा फुंकत तो म्हणाला,
"पुण्यात थंडी बेताची असते म्हणे."
मी बघत राहिले.
"मागांवर कोण कुणाला ऐकू येतं, सुलू?
सगळे ओठच वाचायचे.
अर्धे दिसले तरी पुरतात."
चहावाला सुट्टे मागत होता.
मी पर्समध्ये बराच वेळ शोधले.

घाटीगाव सुटलं आणि अंधार पडला.
एकच हेडलाइट लागला.
मी गाडीतला दिवा लावला,
त्याच्याकडे तोंड केलं,
आणि न ओरडता म्हणाले, डावीकडे ट्रक.

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.
"दिसला," म्हणाला.